सायकलने श्रीलंकेला गोल चक्कर मारताय? मग या चुका टाळा

पुणे-गोवा झालं, कोकण किनारा झाला, कन्याकुमारीपण झालं, मग एक दिवस ग्रुपवर कोणीतरी श्रीलंकेचा नकाशा टाकतं आणि खाली लगेच हिशोब येतो: किनारा साधारण १,३४० किमी, रोजचे १०० पकडले तर तेरा-चौदा दिवस, दोन विकेंड जोडले की सुट्टी बसते, मुंबई-कोलंबो अडीच-पावणेतीन तासांची फ्लाइट, चला काढा तिकीट. हिशोब कागदावर चोख आहे. रस्त्यावर मात्र त्यातला एकेक आकडा निसटायला लागतो, कारण किनाऱ्याची लांबी म्हणजे रस्त्याची लांबी नव्हे आणि घरून निघताना रोज पडणारे शंभर किमी सामान लादून, दमट हवेत, सलग दोन आठवडे पडत नाहीत. खाली लिहिलंय ते सपोर्ट गाडी नाही, सगळं सामान आपलंच आपल्या कॅरियरवर, असं धरून. आणि चूक होऊनच गेली असेल तर तिथल्या तिथे काय करता येतं तेही जमेल तसं सांगतो.

समुद्र डावीकडे ठेवला की झालं, असं समजणं

श्रीलंकेत आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे घड्याळाच्या दिशेने फिरलं तर समुद्र कायम आपल्या बाजूला राहतो, फोटोसाठी किंवा नारळपाण्यासाठी सारखा रस्ता ओलांडावा लागत नाही. इथपर्यंत ठीक. पण समुद्र धरून सलग रस्ता आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? मोठ्या तीन जागी तो तुटतो आणि तिन्ही ठिकाणी आत शिरावं लागतं.

पहिली जागा पुत्तलमच्या पुढे, विल्पत्तू नॅशनल पार्क. नकाशात पार्कातून मन्नारकडे जाणारी एक रेघ दिसते, ती बघून हुरळून जाऊ नका, ते अभयारण्य आहे, सायकलचा रस्ता नाही. पुत्तलमहून ए-१२ ने अनुराधापुरा, सुमारे ७५ किमी, मग मेदवच्चिया आणि तिथून ए-१४ ने मन्नार. वळसा आहे पण वाया जात नाही, अनुराधापुऱ्यात एक दिवस थांबा, पाय मोकळे होतील आणि बोधिवृक्ष, स्तूप, तळी बघायला पुन्हा वेगळी ट्रिप काढावी लागणार नाही.

दुसरी जागा मुल्लैतिवू ते त्रिंकोमाली. किनाऱ्याने खाली आलं की कोक्किलाईच्या खाजणाचं तोंड आडवं येतं, पलीकडे पुलमोड्डैचा रस्ता आहे पण मध्ये पाणी. आतून वळसा धरूनच हिशोब करा, मुल्लैतिवूत मुक्कामाला विचारा, काही सोय झाली असेल तर बोनस समजा.

तिसरी आणि सगळ्यात मोठी जागा आग्नेयेला. अरुगम बे, पोत्तुविल, पानम, आणि पुढे कुमन आणि यालचं जंगल. कतरगाम या तीर्थक्षेत्राच्या उत्सवाच्या आधी, साधारण जून-जुलैच्या सुमारास, या जंगलातून पायी यात्रेकरू जातात, पार जाफन्यापासून निघालेले असतात त्यातले काही, पण ती वाट ठराविक दिवसच उघडते आणि पायी चालणाऱ्यांसाठी. सायकलवाल्याने पोत्तुविलहून ए-४ धरून सियंबलांडुव, मोनरागल, बुट्टल असं यायचं आणि मग दक्षिणेला उतरायचं. कुठून उतरायचं ते हत्तींच्या भागात सांगतो.

हे सगळं धरून, कुठे कुठे आत शिरता त्यावर, १,२०० ते १,४०० किमी होतात. तीन आठवडे हातात असतील तर पूर्ण गोल करा. दोनच असतील तर माझं स्पष्ट मत, अर्धाच करा आणि नीट करा. गोल पूर्ण केला हे सांगण्यासाठी शेवटचे चार दिवस बसच्या धुरात मान खाली घालून पॅडल मारण्यात काय मजा आहे.

आणखी एक, गुगलला कारचा रस्ता विचारला तर तो दक्षिणेत ई-०१ एक्स्प्रेसवेवर घालतो, तिथे सायकल चालत नाही. वॉकिंग मोड दिला तर तळ्याच्या बांधावरून आणि भातखाचरांच्या मधून नेतो, जे कोरड्या दिवसात फार सुंदर असतं आणि पाऊस पडून गेला असेल तर चिखल मडगार्डमध्ये भरून चाकच फिरायचं थांबतं. रोजचा ट्रॅक आदल्या रात्री स्वतः बघून, ऑफलाइन मॅप उतरवून ठेवलेला बरा.

सुट्टी आधी आणि मोसम नंतर

ही चूक सगळ्यात महागात जाते, कारण ती रस्त्यावर दुरुस्त होत नाही. आपल्याकडे पावसाळा एकच. तिथे दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, तो कोलंबो-गाल्लची बाजू झोडपतो आणि तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो त्रिंको-बट्टिकलोआच्या बाजूला पडतो आणि तेव्हा दक्षिण-पश्चिम छान. मधल्या महिन्यांत, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबर, दुपारनंतर कुठेही गडगडाट, आणि बंगालच्या उपसागरातली वादळं याच सुमारास येतात. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी आलेल्या दितवा चक्रीवादळाने देशभर पूर आणि दरडी आणल्या, रस्ते-पूल गेले. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाऊ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

सगळ्या बाजू एकाच ट्रिपमध्ये बऱ्यापैकी कोरड्या मिळायच्या तर फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च. एप्रिलमध्ये उकाडा वाढतो, शिवाय नवीन वर्षाच्या सणाची भानगड आहे, ती खाली आहे. मे-जूनमध्येच सुट्टी मिळत असेल तर नेगोम्बोहून (एअरपोर्टजवळचं गाव) उत्तरेला जा, मन्नार, जाफना, मग त्रिंको, आणि तिथून रेल्वेने कोलंबोला परत. डिसेंबर-जानेवारीत जायचं असेल तर उलट, दक्षिणेचा अर्धा.

वाऱ्याचंही असंच. मन्नारच्या पट्ट्यात पवनचक्क्या उगाच उभ्या नाही केलेल्या. नैर्ऋत्य वाऱ्याच्या दिवसात मन्नार ते पूनेरिन हा ए-३२ चा सरळसोट, बिनझाडाचा रस्ता उत्तरेला जाताना वारा पाठीत घालून उडवत नेतो, तोच रस्ता उलट दिशेने करायला घेतला तर ताशी दहा-अकराचा स्पीड पडतो आणि माणूस स्वतःशीच भांडायला लागतो. म्हणून दिशा ठरवताना समुद्र कुठल्या हाताला येतो यापेक्षा मोठा उघडा पट्टा कुठला आणि त्या महिन्यात वारा कुठून, हे आधी बघा. हेडविंडमध्ये सापडलातच तर उपाय एकच, पहाटे निघणं, वारा साधारण दहानंतर जोर धरतो.

बीआरएमच्या डोक्याने प्लॅन करणं

आपल्याकडचे बरेच लोक बीआरएममधून, म्हणजे ठराविक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्समधून, तयार झालेत, २०० किमी साडेतेरा तासांत मारलेले असतात, त्यामुळे रोजचे १२० त्यांना पोरखेळ वाटतो. पण बीआरएमनंतर दुसऱ्या दिवशी तुम्ही लोळत पडता, इथे दुसऱ्या दिवशी पंधरा किलो सामान घेऊन परत त्याच सीटवर बसायचंय. ७०-८० किमी धरा, चारेक दिवसांनी एक पूर्ण आराम. सपाट रस्ता आहे म्हणून जास्त होतील असंही नाही, सपाट रस्त्यावर पाय कधी थांबतच नाहीत आणि बूड सीटवरून उचललं जात नाही, घाटात निदान उभं राहून चढवता.

उकाड्याबद्दल विदर्भ-मराठवाड्यातले मित्र हसतात, ३२ डिग्रीला काय घाबरायचं म्हणून. अकोल्याचा ४३ आणि बट्टिकलोआचा ३२ यांची तुलनाच होत नाही, तिथे घाम वाळत नाही. घाम येतो, निथळतो, जर्सी पिळून काढावी लागते आणि अंग काही थंड होत नाही. साडेपाचला निघा, साडेदहा-अकराला सावली धरा, जेवा, झोपा, आणि तीननंतर उरलेले वीस-पंचवीस किमी. सूर्य वर्षभर सव्वासहाच्या आगेमागे मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही, मुंबईच्या मे महिन्यासारखा सात-सव्वासातपर्यंत उजेड मिळत नाही, त्यामुळे "अजून तासभर आहे" हा अंदाज रोज चुकतो.

नुसतं पाणी ढोसत राहणं ही आणखी एक. चार-पाच लिटर साधं पाणी पोटात गेलं, मीठ सगळं घामातून गेलं, मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडतंय म्हणून तो अजून पितो. ओआरएसची पाकिटं घरून न्या, तिथल्या फार्मसीतही मिळतात. थंबिली, म्हणजे ते केशरी शहाळं, रस्त्याच्या कडेला जागोजागी मिळतं आणि अमृत आहे, पण त्यात सोडियम कमी असतं, सोबत चिमूटभर मीठ किंवा खारे शेंगदाणे खा. एखाद्याला उन्हात थंडी वाजायला लागली, चिडचिड सुरू झाली, तोल जायला लागला तर ती नाटकं नाहीत, सावलीत घ्या, मानेवर आणि काखेत ओला पंचा, घोटघोट ओआरएस. बोलणं असंबद्ध झालं तर थांबू नका, १९९० लावा. ही तिथली मोफत ॲम्ब्युलन्स सेवा आहे, २०१६ मध्ये भारताच्या मदतीतून सुरू झालेली. पोलिसांसाठी ११९.

हत्तींना रस्त्यातलं कौतुक समजणं

श्रीलंकेत दरवर्षी शंभरावर माणसं हत्तींमुळे मरतात. हे वाक्य सायकलवाल्यांच्या प्लॅनिंगमध्ये का येत नाही मला कळत नाही, सगळे पंक्चर किटवर तासभर बोलतात. (एलिफंट पासला मात्र बिनधास्त जा, तिथे हत्ती नाहीत, मिठागरं आहेत.)

हत्तीचा रस्ता ओळखायचा कसा? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विजेचं कुंपण, पिवळे बोर्ड, डांबरावर शेणाचे गोळे, मोडलेल्या फांद्या. शेण ओलं आणि वाफाळतं असेल तर हत्ती जवळपास आहे, पुढच्या वळणावर घाई करू नका. हबरणच्या आसपास, पोत्तुविल-पानम भाग, लाहुगल, मोनरागलच्या खालचा सगळा पट्टा, इथे पहाटे सातच्या आधी आणि दुपारी चारनंतर सायकल चालवू नका. हो, वर मी साडेपाचला निघा म्हटलं, ते या पट्ट्यांत लागू नाही, इथे ऊन सोसा. कतरगाम-बुट्टल रस्ता तर त्यासाठी प्रसिद्धच आहे, तिथे हत्ती रस्त्याच्या कडेला येऊन गाड्यांकडून खाणं मागतात, वर्षानुवर्षं लोकांनी केळी-फणस देऊन ती सवय लावलीय. गाडीवाला काच वर करून निघून जातो. तुमच्या पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरला लटकवलेल्या बॅगेत, केळ्याचा घड आहे आणि काच नाही. त्यामुळे बुट्टलहून थोडं पुढे वेल्लवायला जाऊन ए-२ ने तनमलविलमार्गे तिस्समहारामला उतरा, हत्ती तिथेही असू शकतात पण रस्ता मोठा आणि वाहता आहे. तो पट्टाही भर दिवसाच करायचा. कतरगाम बघायचंच असेल तर तिस्सहून जाऊन या, वीसेक किमी आहे.

समोर हत्ती आलाच तर काय? सायकल थांबवा, शंभरएक मीटर अंतर राहील असं, हळूहळू मागे व्हा, वळून जोरात पळ काढू नका, घंटी वाजवू नका, फ्लॅश नको. मागून बस किंवा ट्रक येईपर्यंत वाट बघा, हात दाखवा, ड्रायव्हरला समजतं, तो स्वतःची गाडी हत्ती आणि तुमच्या मध्ये ठेवून हळू चालवतो आणि तुम्ही तिच्या आडोशाने पलीकडे निघता. नाहीतर सरळ टुकटुकवर सायकल बांधून तेवढे किमी पार करा. यात कमीपणा काही नाही.

याच्याच जोडीला मगरी. गावागावांतली तळी, तिथे वेव म्हणतात, दुपारी आंघोळीला बोलावतात. लोक जिथे आंघोळ करतायत त्याच घाटावर, त्यांच्यासोबतच उतरा. शांत, रिकामा, सुंदर कोपरा शोधू नका, तो रिकामा का आहे हे गावाला माहीत असतं.

तंबू लागतोच, हा हट्ट

सेल्फ सपोर्टेड म्हणजे तंबू, स्टोव्ह, भांडी, असं डोक्यात बसलंय. लडाखला लागतं ते. श्रीलंकेत जवळजवळ प्रत्येक दिवसाच्या टप्प्यावर गेस्टहाउस किंवा घरातली खोली मिळते, पंखा आणि मच्छरदाणी असलेली, आणि तंबूत मार्च महिन्यात रात्री झोपून बघा, सकाळी उकडलेल्या बटाट्यासारखे बाहेर याल. शिवाय हत्तींना तुमच्या खाण्याचा वास लागतो तो वेगळाच. अडीच-तीन किलो घरी ठेवा.

उत्तरेत तर आणखी गंभीर कारण आहे. किलिनोच्ची, मुल्लैतिवू, मन्नारच्या आतल्या भागात युद्धाच्या काळातले भूसुरुंग काढायचं काम अजून चालू आहे. लाल बोर्ड आणि कवटीचं चित्र दिसतं तिथे. डांबर सोडून झाडीत शिरायचं नाही, तंबूसाठी नाही, सावलीसाठी नाही, लघवीसाठीही नाही. रस्त्याच्या कडेलाच उरका, कोणी बघत नाही.

तंबूऐवजी काय घ्यायचं तर एक लुंगी. आंघोळीला, दुपारच्या झोपेला, उन्हात डोक्यावर, आणि मुख्य म्हणजे देवळात, सायकलिंगच्या टाइट चड्डीवर बौद्ध विहारात गुडघे उघडे टाकून जाता येत नाही. जाफन्याच्या नल्लूर कंदस्वामी मंदिरात उलट, पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी घेऊ नका, तिथे ते फार लागतं लोकांना.

मच्छर हा विषय थट्टेवारी नेऊ नका. मलेरिया तिथून गेला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तसं जाहीर केलं, पण डेंग्यू भरपूर आहे आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका तुम्ही सावलीत जर्सी काढून लोळत असता तेव्हा. ओडोमॉस दुपारीही लावा. ताप आला तर ब्रुफेन-ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉल आणि रक्ताची तपासणी.

सायकल: घरी नवी, तिथे खारट

गावोगावी सायकल दुरुस्तीवाला भेटतो, तिथे सायकल अजून रोजच्या वापरातली वस्तू आहे, लुमालाच्या जुन्या काळ्या सायकली सगळीकडे दिसतात. पण तो दुरुस्तीवाला तुमच्या सायकलचा नाही. त्याच्याकडे जाड व्हॉल्व्हचे पंप, २६ आणि २८ इंची टायर, बॉल बेअरिंगचे छर्रे, आणि हात अतिशय कुशल. नाही ते प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हची ७०० मापाची ट्यूब, डिस्क ब्रेकचे पॅड, दहा-अकरा स्पीडची चेन. म्हणून तीन ट्यूबा, प्रेस्टाचा पितळी ॲडॉप्टर, चेनच्या दोन क्विक लिंक, पॅडची एक जोडी, डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरणारा तुकडा) आणि मागच्या चाकाचे दोन्ही बाजूंचे चार-सहा स्पोक एवढं घरून. स्पोक सीटपोस्टच्या आत कागदात गुंडाळून बसतात.

सगळं वजन मागच्या कॅरियरवर टाकणं हे स्पोक तुटण्याचं पहिलं कारण. तुटतो तो बहुतेक कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचाच, कारण तिकडे ताण जास्त असतो आणि बदलायला नेमका तिकडेच कॅसेट आड येतो. तुटला असं कळतं कसं? टण् असा आवाज आणि चाक ब्रेकला किंवा फ्रेमला घासायला लागतं. थांबा, तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला टेपने बांधा, त्याच्या शेजारचे, हबच्या विरुद्ध बाजूचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा, रिम ब्रेक असेल तर मागचा मोकळा करा, पुढच्या पॅनियरमध्ये जड सामान हलवा आणि सावकाश गावापर्यंत. कॅसेट काढायचं टूल आपल्याकडे असेल तर पाना तो दुरुस्तीवाला देतो, दहा मिनिटांचं काम.

कॅरियरचे बोल्ट रोज संध्याकाळी बोटांनी तपासा. खालचा, ड्रॉपआउटजवळचा (फ्रेममध्ये चाक बसतं ती खाच), एम-५ चा बोल्ट हळूहळू फिरत बाहेर येतो, आधी किणकिण आवाज, मग शांतता, शांतता म्हणजे तो पडला. थ्रेडलॉक लावून निघा, दोन जास्तीचे बोल्ट कॅरियरलाच टेपने चिकटवून ठेवा. नसेल तर बाटलीच्या पिंजऱ्याचा एक बोल्ट काढून तिथे लावा, माप तेच असतं.

आणि मीठ. हंबंतोट, पुत्तलम, जाफना, सगळीकडे खारी हवा, मुक्काम समुद्राला लागून. आठवड्यात चेनवर लालसर छटा येते, केबल जड होतात, शिफ्टिंग उशिरा लागायला लागतं आणि माणूस डिरेलरचा स्क्रू फिरवत बसतो. स्क्रूला हात लावू नका. गोड्या पाण्याने, बादली आणि मगने, प्रेशर पाइपने नाही, सायकल धुवा, पुसा, चेनला तेल, केबलच्या तोंडाशी एक थेंब. निम्म्या तक्रारी तिथेच जातात. सायकल बीचवर वाळूतून चालवायचा मोह प्रत्येकाला होतो, रील चांगलं येतं, बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलच्या दांड्याचं बेअरिंग, पुढचे हजार किमी करकरतं.

कोणी मधूनच एल्ला जोडतात, डोंगर बघू म्हणून. वेल्लवायहून सुमारे २७ किमीत आठशे मीटरच्या वर चढ आहे, सामानासकट. जा, पण परत उतरताना रिम ब्रेक धरून ठेवू नका, रिम तापून ट्यूब फुटते. मध्येमध्ये थांबून हात लावून बघा.

खाण्याचं गणित आणि बंद दारं

दुपारचा भात-करी तिथे साडेअकरा ते दोन. तीनला पोचलात तर भांडी घासून झालेली असतात. कोत्तू रोटी संध्याकाळीच. मधल्या वेळेला रस्त्याकडेचं कडे, म्हणजे छोटं दुकान-कम-हॉटेल. बसलात की न मागता एका ताटात बन, रोल, त्रिकोणी भाजी रोटी असा ढीग समोर येतो आणि नवखा माणूस घाबरतो की एवढं मी मागवलं नाही. जेवढं खाल तेवढ्याचेच पैसे, उरलेलं ताट परत जातं. फक्त ते ताट तुमच्या आधी दुसऱ्या टेबलांवरही फिरून आलेलं असतं, म्हणून गरम आहे ते उचला.

शाकाहारी मंडळींसाठी: सगळ्यात निष्पाप दिसणाऱ्या पोल संबोलमध्ये, ती ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो, उंबलकड म्हणतात त्याला. विचारूनच घ्या. इंदिआप्प म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या शेवया, परिप्पू म्हणजे डाळ, फणसाची करी, यावर आरामात जगता येतं, आणि जाफन्याकडे शुद्ध शाकाहारी तमिळ हॉटेलं आहेत, इडली-डोसा-वडा. तिस्स-हंबंतोट भागात रस्त्यावर मडक्यातलं म्हशीचं दही आणि कितुलचा काकवीसारखा पाक मिळतो, अर्धं मडकं एका सायकलवाल्याला पुरतं, पूर्ण घेतलंत तर दुपारी झोपच लागेल, पुढे जायचं विसरा.

दर पौर्णिमेला पोया असतो, सरकारी सुट्टी, दारू आणि मांस विक्री बंद. पण खरा फटका १३-१४ एप्रिलच्या नवीन वर्षाचा. सगळा देश गावी जातो, दुकानं, कडे, हॉटेलं दोन-तीन दिवस, काही भागांत त्याहून जास्त बंद, बसही कमी. त्या दिवसांत सापडलात तर मोठ्या गावातल्या गेस्टहाउसमध्ये घरचं जेवण मिळेल असं ठरवून तिथेच थांबा. मे महिन्यातल्या वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, उलट, रस्त्यावर दन्सल लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण, सरबत, आईस्क्रीमसुद्धा, आणि नाही म्हटलेलं चालत नाही.

मन्नार-पूनेरिनच्या मध्ये मात्र कडेसुद्धा विरळ. चार लिटर पाणी आणि एका जेवणाचं खाणं घेऊनच निघा.

बारीकसारीक, पण अडवणारं

व्हिसाचे नियम २०२३ पासून इतक्यांदा बदललेत की मित्राच्या अनुभवावर जाऊ नका, तिकीट काढायच्या आधी सरकारी ईटीए (ऑनलाइन प्रवास-परवान्याची) साइट बघा, आणि फी आकारणाऱ्या नकली साइट्सपासून लांब. विमानात सायकल न्यायचं एअरलाइनकडून ईमेलवर लेखी घ्या, खोक्याच्या मापासकट, काउंटरवरचा माणूस फोनवरचं मानत नाही. पॉवर बँक केबिन बॅगेत, सीओटू कार्ट्रिज नकोच, हातपंप घ्या. नागपट्टिणम-कांकेसंतुरै बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली, ऑगस्ट २०२४ मध्ये परत चालू झाली. सायकलवाल्यांना ती कल्पना फार आवडते, मलाही आवडते, पण खराब हवामानात ती रद्द होते, तिच्यावर परतीचं विमान अडकवू नका.

यूपीआय फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे सुरू झालं, मोठ्या दुकानांत चालतं, कडेवाल्याला रोखच लागते. पूर्व आणि उत्तरेत मोठं गाव आलं की एटीएममधून दोन-तीन दिवसांचे काढून ठेवा.

गाल्ल रोड, ए-२ चा कोलंबोकडचा भाग, हा ट्रिपमधला सगळ्यात वाईट टप्पा. खाजगी बस एकमेकींशी शर्यत लावतात, ओव्हरटेक करताना समोरून येणाऱ्या सायकलला जागा सोडायची असते हे त्यांच्या हिशोबात नाही. हँडलला आरसा लावा, हॉर्न ऐकला की मातीत उतरायची तयारी ठेवा, आणि कोलंबो शहर रविवारी पहाटे पार करा. किंवा गाल्लहून सरळ ट्रेन.

प्लॅन फसला तर

आजारपण, रस्ता वाहून गेलेला, गुडघा, काहीही. प्लॅन करतानाच तीन-चार रेल्वे स्टेशनं नकाशावर खूण करून ठेवा: जाफना, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, मातर. सायकल पार्सल म्हणून चढवतात, सगळ्या गाड्यांना डबा नसतो, म्हणून स्टेशनवर आदल्या दिवशी जाऊन गार्ड किंवा पार्सल खिडकीवर विचारा, आणि मार्ग चालू आहे ना तेही. स्टेशनपर्यंत टुकटुक, त्याच्याकडे दोरी नसते, तुमच्याकडे दोन बंजी (हुक असलेल्या ताणाच्या दोऱ्या) हव्यात. भाडं सायकल बांधायच्या आधी ठरवा.

आणि परतीचा खोका. एअरपोर्ट कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, नेगोम्बो तिथून दहाएक किमी. सुरुवात आणि शेवट नेगोम्बोतल्या एकाच गेस्टहाउसला ठेवा, पहिल्या दिवशी सायकल जोडली की खोका दुमडून, आत फोम, चिकटपट्टी आणि ड्रॉपआउटचे प्लास्टिकचे तुकडे टाकून मालकाकडे द्या, वर नाव आणि परतायची तारीख मोठ्या अक्षरात. जमिनीवर ठेवू देऊ नका, वाळवी लागते, कपाटावर किंवा माळ्यावर. तरी गेलाच तर परतायच्या दोन दिवस आधी सायकलच्या दुकानांत विचारायला लागा, नवी सायकल ज्यातून येते तो खोका देऊन टाकतात, फक्त रविवारी बरीच दुकानं बंद असतात.